शेती वाढली, जैवविविधता किती घटली: उपग्रहचित्रे की पायी मोजणी?

अभ्यासाचा आराखडा आखताना हा पेच हमखास पडतो.

खर्चात उपग्रह सरळ पुढे. लँडसॅट या अमेरिकी उपग्रहमालिकेची चित्रे २००८ पासून मोफत आहेत; सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची १० मीटर तपशिलाची (चित्रातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर) चित्रेही मोफतच. पायी मोजणीला माणसे, प्रवास आणि प्रजाती अचूक ओळखणारी नजर लागते.

जुना काळ तपासायचा तर १९७२ पासूनची लँडसॅटची नोंद अमूल्य.

खरा प्रश्न अचूकतेचा. चित्रात अधिवास दिसतो, त्यातले बहुतेक जीव दिसत नाहीत. झाडी शाबूत असते, आत मात्र परागण करणारे कीटक विरळ झालेले असू शकतात. शिवाय रानाच्या तुकड्यात अडकलेल्या प्रजाती लगेच संपत नाहीत. कधीकधी दशके जातात. म्हणून एका हंगामाची मोजणीही फसवते. शेताच्या बांधापासून रानाच्या आतपर्यंत ठरलेल्या रेषांवर, दर हंगामात, एकाच पद्धतीने मोजायला हवे. हे कष्ट टाळू नयेत असे मला मनापासून वाटते.

मोठ्या प्रदेशात शेती कुठे आणि किती सरकली एवढेच हवे असेल, तर उपग्रह पुरे. कोणत्या प्रजाती तगल्या हे सांगायचे असेल, तर पायी मोजणीच घ्या. पैसे कमी पडले तर क्षेत्र लहान करा, फेऱ्या कमी करू नका.