डिटेक्टर घ्यावा की तेवढ्याची नाणीच? खानदेशातल्या हौशी माणसासाठी हिशेब

खानदेशाला समुद्र नाही. तापी आहे, पण तीही नंदुरबार ओलांडून गुजरातेत शिरते आणि सुरतेच्या पुढे डुमसजवळ समुद्राला मिळते. त्यामुळे व्हिडिओ बघून ज्याच्या डोक्यात किनाऱ्यावर मेटल डिटेक्टर, म्हणजे जमिनीतला धातू हुडकणारी मशीन, फिरवून जुनी नाणी काढायचं वेड शिरलंय, त्या जळगाव-धुळ्याच्या माणसापुढे तीन वाटा आहेत. मशीन घेऊन सुरतेकडचा किनारा गाठायचा, मशीन घेऊन तापी-गिरणेच्या वाळूत उतरायचं, किंवा मशीनचे पैसे राखून सरळ नाणीच विकत घ्यायची. माझं मत आधीच सांगून टाकतो. जुनी नाणी हवी असतील तर तिसरी वाट, शोधायची मजा हवी असेल तर पहिली. मधली वाट घराजवळची वाटते खरी, पण सर्वांत महागात तीच पडू शकते.

किनाऱ्याचा फायदा असा की तिथली वाळू लाटा रोज हलवतात. जड वस्तू खाली बसतात आणि बऱ्याचदा एकाच पट्ट्यात गोळा होतात. पावसाळ्यात किंवा वादळानंतर वाळूचा वरचा थर वाहून गेला की खालचा जुना थर उघडा पडतो, आणि जाणकार नेमके तेव्हाच जातात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटी सर्वांत लांब जाते. खंभातच्या आखातात तर हा फरक प्रचंड असतो, पाणी बघता बघता परत येतं आणि पायाखाली चिखल असतो, म्हणून भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय उतरू नये. जायला ताप्ती लाईनची गाडी आहेच, अमळनेर-नंदुरबार-नवापूर करत सुरत. आता सापडणार काय? बहुतेक कालपरवाची नाणी, कानातली, चाव्या. सुरत हे मोगलांचं बंदर, तिथे टांकसाळही होती, त्यामुळे आशा ठेवायला हरकत नाही. पण तिकिटाचा खर्च त्या आशेवर काढायचा नाही.

मशीन कोणती, हा प्रश्न इथेच सुटतो. एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणाऱ्या साध्या व्हीएलएफ (अगदी कमी फ्रिक्वेन्सीच्या) मशीनला, म्हणजे गॅरेट कंपनीच्या एस (ACE) मालिकेसारख्या, कोरड्या वाळूत आणि शेतात काही अडचण नाही. ओल्या खाऱ्या वाळूत मात्र ती उगाच ओरडत राहते, कारण खारं पाणी वीज वाहून नेतं. त्यात डुमसची वाळू काळी, लोहकणांनी भरलेली. मीठ आणि लोह दोन्ही एकाच वेळी सांभाळणं एका फ्रिक्वेन्सीच्या आवाक्यातलं नाही. तिथे अनेक फ्रिक्वेन्सी एकदम वापरणारी मशीन लागते, मिनलॅबची व्हँक्विश किंवा इक्विनॉक्स, नोक्टाची लेजंड. तिसरा प्रकार पल्स इंडक्शनचा, म्हणजे जमिनीत विजेचे ठोके सोडून धातू हुडकणारा. त्याला मीठ आणि काळी वाळू फारशी जाणवत नाही आणि तो खोलही जातो. पण लोखंड आणि चांदी यांतला फरक तो जवळजवळ सांगतच नाही. प्रत्येक खिळ्यासाठी वाकायची तयारी असेल तरच घ्यावा. ऑनलाइन मिळणारी दोन-चार हजारांची मशीन मुलांना अंगणात खेळायला द्यावी.

एक गंमत लक्षात ठेवा. आपली अलीकडची बरीच नाणी लोहचुंबकाला चिकटणाऱ्या स्टेनलेस स्टीलची आहेत. लोखंड वगळायची सेटिंग लावली की मशीन कचऱ्याबरोबर ही नाणीही गाळू शकते. तांब्याची शिवराई किंवा चांदीचा राणीछाप रुपया चांगला खणखणीत बोलतो. अॅल्युमिनियमच्या कॅनची कडी मात्र छोट्या नाण्याचं सोंग छान वठवते, आणि मशीनच्या पडद्यावरचा आकडा बघून तो फरक कुणालाच सांगता येत नाही.

आता नदी. तापी-गिरणेची वाळू बेसाल्टातून आलेली. साधा चुंबक तिच्यातून फिरवून बघा, त्याच्या टोकाला काळ्या कणांची दाट दाढी उगवते. हे मॅग्नेटाइट मशीनला बोलायला लावतं. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा आवाज वगळायची जुळणी, नीट केला नाही तर वीतभर खोलीवरचं नाणंही हातचं जातं. पुरात वाळू सरकते आणि नाणं तळाच्या मुरुमापर्यंत उतरतं. वाळूउपशाने थर उलटेपालटे झालेत ते वेगळंच. सारंगखेड्याच्या यात्रेचं मैदान कितीही मोहाचं वाटलं तरी तिथे घोडेबाजार भरतो, त्यामुळे नालेचे खिळे शोधायची हौस असल्यास जरूर जावं.

पण नदीची खरी अडचण वाळूत नाही, माणसांत आहे. पात्रात कुणी फावडं घेऊन दिसला की तो एकतर वाळूचोर ठरतो, नाहीतर गुप्तधनवाला. आधी गुराखी विचारतो, "काय सापडनं रे भो?", आणि तासाभरात निम्मं गाव काठावर उभं. लोकांचंही चुकत नाही. गुप्तधनाच्या नावाखाली आपल्याकडे इतके अघोरी प्रकार झालेत की २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही त्यांचा विचार करावा लागला. त्यामुळे नदीत जायचंच असेल तर पोलीस पाटील आणि तलाठी यांच्या कानावर घालून जावं, आणि अंधार पडायच्या आत घरी यावं.

जी ठिकाणं डोळ्यांत भरतात ती तर सोडूनच द्यावी. चांगदेवचं मंदिर, तापी-पूर्णेचा संगम, शेकडो वर्षांचे भाविक, मन चळणारच. पण ते केंद्राचं संरक्षित स्मारक आहे आणि अशा हद्दीत खणणं गुन्हा आहे. तापीकाठच्या प्रकाशा गावी १९५५ साली पुरातत्त्व खात्याने उत्खनन केलं तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनचे थर निघाले. तिथे हौशी माणसाने खुरपं चालवलं तर एका नाण्यापायी थराचा सगळा पुरावा जातो.

कायदा दोन्ही वाळूंना सारखाच. १८७८च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास आपला हिस्सा जातो आणि वर्षभरापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि ते देशाबाहेर नेता येत नाही. थोडक्यात, डिटेक्टरने खरंच मोगली रुपया निघाला तर तो तुमच्या अल्बमात जाईलच असं नाही.

उरला सराफ. जळगावच्या सराफ बाजाराचं नाव सोन्यासाठी आहे, पण जुन्या पेढीवर मोडीत आलेली चांदीची नाणी आहेत का, हे विचारून बघावं. इथे आपल्याच मुलखाचा इतिहास हाती लागतो. १३८२ पासून फारुकी राजवट, १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर खानदेश मोगलांकडे, आणि बुऱ्हाणपूरच्या टांकसाळीचे रुपये. साधी झिजलेली शिवराई आजही परवडते, आणि एकच मशीन ज्या किमतीला येते तिच्यात सुरुवातीचा बरा संग्रह उभा राहतो.

इथे धोका खोट्या मालाचा. सोबत छोटा वजनकाटा ठेवा, व्हिक्टोरिया ते पंचम जॉर्ज यांचा चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो. झिजला तर थोडा कमी भरेल, जास्त भरला तर घेऊ नका. ओतीव नकलेच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे दिसतात आणि कडेला सांध्याची रेघ येते. राम दरबाराचं चित्र असलेलं ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८चं नाणं कुणी काढलंच तर दुकानातून बाहेर पडा, कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नव्हतं. तांदूळ ओढणारं तांब्याचं नाणं दाखवणारा भेटला तर पोलिसांत जा, ही ‘राइस पुलर’ नावाची ठकबाजी आहे. आणि घेतलेलं नाणं घरी आणून चिंच लावून चकचकीत करू नका, त्याची निम्मी किंमत त्या काळपटपणातच असते.