४८६च्या बोर्डावरची खोटी कॅश मेमरी आणि माझी फसवणूक

जुने डेस्कटॉप संगणक जमवणारी, ते दुरुस्त करणारी आणि त्यांचा वेग मूळ मर्यादेपलीकडे नेऊन पाहणारी मंडळी आपल्याकडे गेल्या काही वर्षांत बरीच वाढली आहेत, आणि जिथे हौस आली तिथे त्या हौसेवर हात मारणारेही आले. गेल्या पावसाळ्यात अशाच एका विक्रेत्याने मला १८,५०० रुपयांना फसवले. रक्कम आयुष्य बुडावे इतकी मोठी नाही. परंतु या गृहस्थाने जाणकार ग्राहक नेमके काय तपासतो आणि काय तपासत नाही याचा चांगला अभ्यास केलेला होता, आणि त्याच्याकडून माल घेणारा मी पहिला नव्हतो, शेवटचाही नसेन. म्हणून ही नोंद करत आहे.

त्याने विकायला काढलेला संच असा होता: पीसीआय स्लॉट (जोडकार्डांच्या खाचा) असलेला, ४८६ पिढीच्या प्रोसेसरसाठीचा मदरबोर्ड, त्यावर २५६ केबी एल-टू कॅश मेमरी (प्रोसेसरबाहेरची, पण मुख्य मेमरीपेक्षा वेगवान अशी छोटी मेमरी), घड्याळाची नवी डॅलस चिप, आणि एएमडीचा एएम५एक्स८६ प्रोसेसर, तोही ‘एडीझेड’ प्रकारचा आणि १६० मेगाहर्ट्झवर ‘अगदी स्थिर’ चालणारा. या विषयात नसलेल्यांसाठी थोडे सांगायला हवे. एएम५एक्स८६ हा प्रोसेसर १९९५च्या अखेरीस आला. तो ४८६च्याच सॉकेटमध्ये बसतो, ३३ मेगाहर्ट्झच्या बसला (प्रोसेसर आणि बोर्ड यांना जोडणाऱ्या मार्गाच्या वेगाला) चारने गुणून १३३ मेगाहर्ट्झवर चालतो आणि बस ४० वर नेली की १६० वर जातो. ४८६च्या घराण्यातला हा जवळजवळ शेवटचा आणि ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे पळवायला, सर्वांत मनमोकळी चिप असल्यामुळे हौशी लोक त्याच्या मागे असतात. त्यातही नावाच्या शेवटी ‘डब्ल्यू’ असलेल्या चिपला ५५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या आवरण-तापमानाची हमी आहे, तर ‘झेड’ असलेल्या चिपला ८५ अंशांची. साहजिकच त्या एका अक्षरासाठी लोक जादा पैसे मोजतात.

हा माल सहज मिळत नाही, याचे एक कारण सोने हे आहे. त्या काळच्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये सोन्याचा अंश बऱ्यापैकी असतो, आणि भंगारवाले ते किलोच्या भावाने गाळणाऱ्यांकडे देतात. पूर्वी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात एखाद्या खोक्याच्या तळाशी ४८६ सापडण्याची शक्यता असे. आता तो खोक्यापर्यंत पोहोचण्याआधीच भट्टीकडे गेलेला असतो. त्यामुळे ‘पूर्ण तपासलेला, चालू स्थितीतला संच’ अशी जाहिरात दिसली की माणूस किमतीपेक्षा उपलब्धतेचा विचार आधी करतो, आणि विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते.

बोलण्यात गृहस्थ अतिशय गोड होता. मी विचारण्याआधीच त्याने व्होल्टेजच्या जंपरविषयी (बोर्डावरच्या पिना जोडून मांडणी ठरवणाऱ्या छोट्या टोपीविषयी) सांगितले. हा प्रोसेसर ३.४५ व्होल्टचा आहे, ५ व्होल्टच्या बोर्डात बसवला तर जळेल, हे बजावले. गुणकाचा जंपर दोनच्या जागी ठेवला की चिप त्याचा अर्थ चार असा घेते, हेही त्याला माहीत होते. “सर, तुम्ही यातले जाणकार, तुमच्याशी खोटं बोलून मी कुठे जाणार?” हे वाक्य त्याने निदान दोनदा तरी ऐकवले. सोबत एक चित्रफीत पाठवली. तीत संगणक सुरू होतो, पडद्यावर प्रोसेसरचे नाव आणि १६० चा आकडा येतो, खालच्या चौकटीत कॅश मेमरी २५६के असे झळकते आणि डॉसचा प्रॉम्प्ट येतो. निम्मे पैसे आगाऊ आणि उरलेले कुरिअरला देण्याआधी, असे ठरले आणि तसे ते यूपीआयने गेले.

माल व्यवस्थित बांधून आला आणि पहिल्या झटक्यात सुरूही झाला. फसवणुकीचा हा प्रकार वेगळा आहे तो इथे: खोक्यात वीट निघत नाही, संगणक चालतो, आणि त्यामुळे बहुतेक ग्राहक तिथेच समाधान मानतात. मी सवयीप्रमाणे डॉसमध्ये कॅशचेक नावाची जुनी चाचणी चालवली. ही चाचणी मेमरीचे लहानापासून मोठ्यापर्यंत तुकडे वाचते आणि प्रत्येक आकाराला लागणारा वेळ छापते. निरोगी ४८६मध्ये या आकड्यांना तीन पायऱ्या दिसतात: प्रोसेसरच्या पोटातल्या १६ केबीपर्यंत सर्वांत वेगवान, तिथून २५६ केबीपर्यंत मध्यम, आणि त्यापुढे मुख्य मेमरीचा संथ वेग. माझ्या पडद्यावर दोनच पायऱ्या होत्या. १६ केबी संपताच आकडा थेट मुख्य मेमरीच्या वेगावर कोसळत होता. बायोसमध्ये (संगणक सुरू करणाऱ्या, बोर्डावरच्या प्रोग्रॅममध्ये) जाऊन बाहेरची कॅश मेमरी बंद केली, पुन्हा चाचणी घेतली, आकडे तेच. चालू केली, तेच. सुरुवातीच्या चौकटीत मात्र प्रत्येक वेळी २५६के ठळकपणे छापून येत होते, बंद केलेली असतानासुद्धा.

मग भिंग घेऊन बोर्ड दिव्याखाली धरला. कॅशच्या खऱ्या चिपवर बनवणाऱ्या कंपनीचे चिन्ह, भाग क्रमांक, तारखेचा संकेत आणि शेवटी १५ किंवा २० असा नॅनोसेकंदांचा आकडा असतो. इथे आठही चिपवर फक्त ‘राइट बॅक’ हे दोन शब्द होते, बाकी काहीच नाही. ३२ केबीच्या अशा २८ पायांच्या चिपमध्ये १४वा पाय जमिनीला आणि २८वा पाय ५ व्होल्टला जोडलेला असतो, म्हणजे आठही चिपचे २८वे पाय मल्टिमीटरवर एकमेकांशी वाजायला हवेत. एकही वाजला नाही. एक चिप डिसोल्डर करून पक्कडीने आडवी मोडली. खरी चिप मोडली की मध्यभागी काचेसारखी चमकणारी सिलिकॉनची बारीक चकती दिसते. या चिपच्या आत काळ्या प्लास्टिकशिवाय काही नव्हते. पाय नुसते कडेला रोवलेले होते.

हे पाप मुळात या विक्रेत्याचे नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. १९९५-९६च्या सुमारास कॅशसाठी लागणारी वेगवान स्टॅटिक मेमरी महाग होती, आणि स्वस्त बोर्ड बनवणाऱ्या काही कारखान्यांनी सरळ पोकळ चिप बसवून, बायोसमध्ये फेरफार करून कायम २५६के छापण्याची सोय करून ठेवली. असे बोर्ड जगभर विकले गेले आणि आज तेच भंगारातून वर येत आहेत. म्हणून पीसीआय ४८६ बोर्ड घेताना नुसत्या ‘राइट बॅक’ शब्दांच्या चिप दिसल्या तर तिथेच थांबावे. माझ्या विक्रेत्याने पाठवलेल्या सगळ्या छायाचित्रांत हार्ड डिस्कची रुंद पट्टी-केबल नेमकी त्या रांगेवरून गेलेली होती. हा योगायोग नव्हता, ते पुढे कळले.

ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी, कारण या लबाडीचा सर्वांत चतुर भाग तोच आहे. ४० मेगाहर्ट्झच्या बसवर एका चक्राला अवघे २५ नॅनोसेकंद मिळतात. इतक्या वेळात बाहेरच्या कॅश मेमरीला उत्तर देणे जड जाते. २० नॅनोसेकंदांच्या चिप अनेकदा अडखळतात, १५च्या घातल्या तरी कित्येक बोर्डांवर बायोसमध्ये एखादी वेट स्टेट (मेमरीसाठी थांबण्याचे जादा चक्र) द्यावी लागते, आणि संगणक गोठला तर पहिला संशय कॅशवरच घ्यावा लागतो. ज्या बोर्डावर कॅश मेमरीच नाही, तिथे अडखळणारे कोण? तो ४० वर निवांत चालतो. म्हणजे ‘१६० वर अगदी स्थिर, एकही वेट स्टेट नाही’ ही विक्रेत्याची फुशारकी खरीच होती, आणि ती खरी असण्याचे कारण हाच त्यातला दोष होता. एरवी ज्या स्थिरतेसाठी आपण जादा पैसे देतो, तीच इथे संशयाची खूण ठरायला हवी होती.

प्रोसेसरवरचा हीटसिंक दुहेरी चिकटपट्टीने असा डकवला होता की अक्षरे दिसू नयेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल कडेने सोडून, मधून दोरा फिरवून तो सोडवला. छायाचित्रातल्या सुट्या प्रोसेसरवर ‘एडीझेड’ होते. माझ्याकडच्यावर ‘एडीडब्ल्यू’ निघाले. छायाचित्र एका चिपचे, माल दुसऱ्या चिपचा. ‘डब्ल्यू’ची पुष्कळ नगे १६० वर चालतात, माझेही चालते, पण मी पैसे त्या नगाचे दिले नव्हते. प्रोसेसर हीटसिंकसह विकला जात असेल तर तो काढून, शेजारी त्या दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून काढलेले छायाचित्र मागावे. द्यायला कोणी टाळाटाळ करत असेल तर त्याचा अर्थ उघड आहे.

डॅलस चिपची कथा आणखी साधी आहे. घड्याळ आणि बायोसच्या नोंदी जपणाऱ्या या ठोकळ्यात लिथियमची बॅटरी कायमची बंद केलेली असते आणि तिचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे धरलेले असते. बाजारात ‘नवी’ म्हणून मिळणाऱ्या कित्येक चिप वस्तुतः जुन्या बोर्डांवरून काढून, वरचा भाग घासून, काळा रंग देऊन त्यावर नवी तारीख उमटवलेल्या असतात. माझी तशीच होती: बाजूंवर पॉलिश पेपरचे समांतर ओरखडे, पायांवर जुन्या सोल्डरची पुटे, आणि अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवताच नवी तारीख बोळ्यावर. वीज बंद केली की सगळ्या नोंदी पुसल्या जात. यावर इलाज आहे: १६व्या आणि २०व्या पायापाशी इपॉक्सी काळजीपूर्वक कोरून, आतल्या बॅटरीची जोडणी तोडून, बाहेरून ३ व्होल्टचा बटन सेल जोडता येतो, धन टोक २०ला आणि ऋण टोक १६ला. तो इलाज मी केला आणि घड्याळ आता चालते. मात्र चित्रफितीत संगणक वीज न तोडता नुसता पुन्हा सुरू केलेला दाखवतात, त्यामुळे हा दोष तिथे कधीच दिसत नाही, एवढे लक्षात असू द्यावे.

विक्रेत्याला मी चाचणीचे आकडे आणि मोडलेल्या चिपचे छायाचित्र पाठवले. आधी त्याने कॅश वाटेत बिघडली असेल असे म्हटले, मग म्हणाला, “दादा, माझ्याकडे ओरिजिनल पंधराच्या चिप आहेत, अडीच हजारांत पाठवतो, तुम्ही बसवून घ्या.” ‘सर’चे ‘दादा’ झाले होते. ज्या बोर्डावर कॅशच्या पायांना तारेचा मागच जोडलेला नाही तिथे खऱ्या चिप बसवूनही उपयोग नसतो, हे त्याला माहीत नसेल असे मला वाटत नाही. मी पूर्ण परतावा मागताच “माल चालू दिला होता, व्हिडिओ आहे” एवढे उत्तर आले आणि त्यानंतर त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला.

तो अजाण असण्याची थोडीशी शंका मला तोपर्यंत होती. ती नाशिकच्या एका संग्राहकाने घालवली. त्याने हाच बोर्ड माझ्या आधी विकत घेतला होता, हीच चाचणी चालवली होती, आकडे विक्रेत्याला पाठवले होते आणि बरीच भांडाभांडी करून बोर्ड परत केला होता. तिसऱ्या आयएसए स्लॉटचा उडालेला कोपरा आणि कीबोर्डच्या जोडणीशेजारचा ओरखडा त्याच्या छायाचित्रांत आणि माझ्या टेबलावर अगदी एकसारखा आहे. त्याच्या वेळच्या जाहिरातीत चिपची रांग उघडी दिसत होती. केबल त्यावर आली ती माझ्या वेळेला.

तक्रारीच्या बाबतीत माझा अनुभव संमिश्र आहे. सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर आणि राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली जाते, पण पैसे गेल्यावर लगेच कळवले तरच ते पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, आणि अशा फसवणुकीत लबाडी कळेपर्यंत ती वेळ टळलेली असते. पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले की वस्तू हाती आली आहे, ती चालूही होते, तेव्हा हा व्यवहाराचा वाद आहे. त्यांच्या जागी बसून पाहिले तर त्यांचेही चुकले असे मला म्हणवत नाही. प्लास्टिकच्या आठ तुकड्यांचे महत्त्व त्यांना पटवून देणे कठीण आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५वर, तक्रार घेतली गेली. हा गृहस्थ एखादी घरातली जुनी वस्तू विकत नसून नियमितपणे धंदा करतो, हे दाखवण्यासाठी मी त्याच्या वेगवेगळ्या जाहिरातींच्या प्रती, नाशिकच्या संग्राहकाचे लेखी निवेदन, यूपीआयचे दोन्ही व्यवहार क्रमांक आणि त्या संग्राहकाने बोर्ड परत केल्याची कुरिअरची पावती जोडली आहे. समेटाचा प्रयत्न फसला, तर ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी कागद तयार आहेत. ज्यांनी अशाच प्रकारे ४८६चे संच घेतले असतील, त्यांनी बोर्ड विकून मोकळे होण्याआधी कॅशचेकचे आकडे, कॅश चालू आणि बंद अशा दोन्ही स्थितींतले, छायाचित्रात टिपून ठेवावेत. तक्रारीत तेच उपयोगी पडतात.