झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के: आठ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

इथे इंग्लंडात रविवारी मैदानात कार बूट सेल लागतो, म्हणजे लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात, तिथून सिंक्लेअर कंपनीचा स्पेक्ट्रम हा जुना घरगुती कॉम्प्युटर उचलला. १९८२ चं मॉडेल, रबरी बटणांचं, ४८के (४८ किलोबाइट मेमरी) वालं, जे तेव्हा १७५ पाउंडांना मिळायचं. विकणारा म्हणाला "मस्त चालतो", घरी येऊन बघतो तर क्यू पासून टी पर्यंतची पाच बटणं ठार मेलेली. त्याच्या नावाने खडे फोडून झाल्यावर कळलं की यात प्रत्येक ओळ मधोमध तोडून पाच-पाच बटणांचे आठ गट केलेत आणि एका गटाची रेघ तुटली की पाचही एकदम जातात. आतला मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचा या रेघा असलेला पातळ प्लास्टिकचा थर, इतक्या वर्षांत कडक होऊन तडकतोच. नवीन मिळतो. पण वरचा पातळ पत्रा चिकटवलेला असतो, तो मी घाईत उचकटला आणि कोपरा कायमचा वाकवून ठेवला, तुम्ही आधी ड्रायरने गरम करा.

दुसरं म्हणजे ॲडॉप्टर. ९ व्होल्ट, पण मधली पिन निगेटिव्ह! घरात पडलेला कुठलाही लावलात तर संपलं. स्विच नाही, रीसेट नाही, बंद करायचं तर वायर उपटायची. तासाभरात वरचा पत्रा चांगला गरम होतो, आतली ७८०५ ही चिप ९ चे ५ व्होल्ट करते आणि उरलेले व्होल्ट नुसते उष्णता करून टाकते म्हणून. टीव्हीसाठी त्यातून यूएचएफ सिग्नल निघतो, ३६ नंबरचं चॅनेल, आमच्या टीव्हीवर मुंग्याच जास्त दिसायच्या, शेवटी हा सिग्नल बनवणारा मॉड्युलेटर बायपास करून थेट साधा व्हिडिओ सिग्नल (कॉम्पोझिट) काढला.

टायपिंगची सवय व्हायला महिना गेला. पी दाबलं की पी उमटत नाही, अख्खं प्रिंट उमटतं, जे दाबलं की लोड. आधी वैताग आला, मग कळलं की प्रिंट हा पूर्ण शब्द मेमरीत एकाच बाइटमध्ये बसतो. उलट साधा १ लिहिला की त्याच्यामागे न दिसणारे सहा बाइट जातात, म्हणून तेव्हाची पोरं १ च्या जागी एसजीएन पाय (पायचं चिन्ह, उत्तर १) आणि शून्याच्या जागी नॉट पाय (उत्तर ०) लिहायची, दोन्ही दोन-दोन बाइटांत. इतका चिंगूसपणा मी नोकरीत कधी केला नाही, इथे चार बाइट वाचले तरी दिवाळी.

पण मी यात खरा अडकलो तो पोकमुळे, म्हणजे मेमरीतल्या अमुक पत्त्यावर अमुक बाइट टाक असं सांगणारी आज्ञा. पोक १६३८४, २५५ लिहिलं आणि डाव्या कोपऱ्यात वर आठ ठिपक्यांची बारीक रेघ उमटली. मधे कोणी नाही, ना ड्रायव्हर ना विंडो, त्या पत्त्यावर बाइट टाकला की पडद्यावर तो दिसणारच! मग फॉर लूप लावून १६३८४ ते २२५२७ सगळं भरायला सांगितलं. वाटलं वरून खाली रंगवत जाईल, तर नाही, आधी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात आठ-आठ रेघा सोडून पट्टे, मग मधल्या जागा, ते भरलं की मधला हिस्सा, मग खालचा. चहा गाळून आलो तरी चालूच होतं. रंगाचे ७६८ बाइट याच्यानंतर, २२५२८ पासून, आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनाला एक बाइट, म्हणजे एका चौकोनात दोनच रंग. म्हणून गेममधला माणूस झाडाजवळ गेला की झाडाचा रंग घेतो. वर्षानुवर्षं व्हिडिओत बघून मला तो बग वाटायचा. पण या हिशोबामुळेच पूर्ण रंगीत पडदा ६९१२ बाइटांत बसतो. फेरांटीने बनवलेली यूएलए नावाची चिप हे बाइट सतत वाचत असते आणि तेवढ्यात झेड८० ला, म्हणजे मुख्य प्रोसेसरला, पडद्याची मेमरी असलेल्या त्याच १६के भागात जायचं असेल तर ती त्याला थांबवून ठेवते, पडदा आधी, बाकी सगळं नंतर.

आवाज भिकार आहे, एकच बिट आत-बाहेर, आणि बीप चालू असताना प्रोग्राम जागेवर उभा.

भारतात १९८६ मध्ये डेसिबेल्सने याच्याच प्लस मॉडेलचा लायसन्सवाला भाऊ काढला होता, डीबी स्पेक्ट्रम प्लस, कोणाच्या माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला देऊ नका राव.

याचे गेम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असायचे, माझ्याकडे कॅसेट प्लेअर नाही म्हणून तो आवाज मी फोनवरून वाजवतो. आधी लांब शिट्टी, पडद्याच्या कडेच्या बॉर्डरवर लाल-आकाशी जाड पट्टे, मग डेटा सुरू झाला की निळे-पिवळे बारीक. १ ची लाट ० च्या दुप्पट लांब, एवढ्यावरच सगळं ओळखायचं, आणि मोठा गेम चढायला चार-पाच मिनिटं. आवाज थोडा कमी पडला की फेल. परवा तर पार शेवटाला आलो होतो, चित्र येऊन बसलेलं, आणि फॅमिली ग्रुपवर मामांचा सुप्रभातचा मेसेज आला, टिंग. "आर टेप लोडिंग एरर". आता आधी फ्लाइट मोड, मग लोड.