शिफारसपत्र लिहून न देणारे नौपाड्यातील मार्गदर्शन केंद्र

परदेशी शिक्षणासाठी आर्थिक साहाय्य मागणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या नौपाड्यातील या छोट्या केंद्राची सेवा आम्ही मुलीच्या अमेरिकेतील पदवी प्रवेशासाठी घेतली आणि ठाण्यातील इतर पालकांनीही ती घ्यावी, असे मला मनापासून वाटते. त्याचे पहिले कारण हे की येथे शिफारसपत्र लिहून दिले जात नाही. त्याआधी वाशीत एके ठिकाणी चौकशी केली असता, तयार मजकुरावर शिक्षकांची फक्त सही आणा, असे सांगण्यात आले होते. शिक्षकांच्या नावाने दुसऱ्याने लिहिलेले पत्र पाठवणे ही फसवणूक आहे आणि ती उघड झाल्यास प्रवेशच रद्द होऊ शकतो.

साहाय्याची रक्कम मुख्यतः कुटुंबाच्या उत्पन्नाच्या कागदपत्रांवरून ठरते, पत्रातील स्तुतीवरून नव्हे, हे येथे पहिल्याच भेटीत समजावून सांगितले गेले. हार्वर्ड, एमआयटी अशी मोजकी विद्यापीठे प्रवेश देताना परदेशी अर्जदाराची आर्थिक गरज विचारात घेत नाहीत. इतर बहुतेक ठिकाणी ती घेतली जाते, आणि म्हणूनच मोठी रक्कम मागणारी विद्यार्थिनी आपल्याला हवीच, असे निवड समितीला वाटावे लागते. पत्राचे खरे काम तेथे असते.

ओळखीच्या नगरसेवकांचे पत्र जोडावे, असा आमचा विचार होता. तो केंद्राने स्पष्टपणे नाकारला. आपल्याकडे कनिष्ठ महाविद्यालयांत एकेका तुकडीत शंभरच्या आसपास मुले असतात, अर्धी क्लासला जातात, आणि शिक्षकांना चेहरेही आठवत नाहीत. त्यामुळे मुलीला प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करताना पाहिलेल्या भौतिकशास्त्राच्या सरांचीच निवड झाली. तिने सरांसाठी एक पानाचे टिपण केले, पण त्यात विशेषणे नव्हती: मीटर ब्रिजच्या प्रयोगात उत्तर चुकीचे येत असताना तिने वही पूर्ण न करता जोडणी पुन्हा कशी तपासली, एवढाच प्रसंग सविस्तर होता. घरचा व्यवसाय बंद पडल्यावर ती संध्याकाळी शिकवण्या घेऊ लागली, ही माहिती उपप्राचार्यांच्या पत्रासाठी दिली, कारण स्पर्धा आणि शिबिरांचे रकाने रिकामे का, याचे उत्तर त्यात होते.

कॉमन ॲपवर, म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांना एकाच अर्जाने प्रवेश मागण्याच्या संकेतस्थळावर, शिक्षक स्वतःच्या खात्यातून पत्र चढवतात. केंद्रातील मॅडमनी सरांना ती पद्धत महाविद्यालयात जाऊन दाखवली, साधे इंग्रजी पुरेसे आहे असा धीर दिला, मात्र मसुदा मागितला नाही. अमेरिकेच्या 1974 च्या फेर्पा या विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींविषयीच्या कायद्यानुसार प्रवेशानंतर पत्र वाचण्याचा जो हक्क मिळतो, तो मुलीने अर्जातच सोडला, जेणेकरून सरांना मोकळेपणाने लिहिता यावे. पत्र आम्ही वाचलेले नाही. पण लिहिण्यापूर्वी सरांनी तिला बोलावून त्या प्रयोगाविषयी बारकाईने विचारले, आणि हे कोणत्याही तयार मजकुराने घडले नसते.

सीएसएस प्रोफाइल, म्हणजे साहाय्यासाठी कुटुंबाच्या आर्थिक स्थितीची माहिती देण्याचा ऑनलाइन अर्ज, याच्या बाबतीत मात्र सेवा अपुरी वाटली. कागदपत्रांची छापील यादी मिळाली, पण बंद व्यवसायाचा हिशेब कसा दाखवावा, हे आम्हाला आमच्या सीएंकडून समजून घ्यावे लागले. ज्यांचे उत्पन्न पगाराचे नाही, त्यांनी ही सोय आधीच करावी. अनेक विद्यापीठांची मुदत 1 नोव्हेंबर किंवा 1 जानेवारीच्या सुमारास असते आणि मध्ये दिवाळीची सुट्टी व बारावीच्या पूर्वपरीक्षा येतात, म्हणून शिक्षकांची संमती जून-जुलैमध्येच घ्यावी आणि शक्यतो त्यांचा महाविद्यालयाचा अधिकृत ईमेलच अर्जात द्यावा.