पांढऱ्या केसांना ब्लीचशिवाय सोनेरी छटा : लक्ष्मीनगरातील एका छोट्या पार्लरचा अनुभव

टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२० मध्ये, मी केस काळे करणे थांबवले आणि पुढच्या दोन वर्षांत जुना डाय लागलेला भाग हळूहळू कापून टाकला. आज माझे बहुतेक केस पांढरे आहेत; मानेवर आणि कानांमागे तेवढा काळ्या केसांचा एक पट्टा उरला आहे. पांढऱ्या केसांबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती त्यांच्यावर चढणाऱ्या पिवळेपणाची. आमच्या इमारतीत वापरायला बोअरचे जड पाणी येते, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि उन्हापासून केसाचा बचाव करणारे मेलॅनिन पांढऱ्या केसात नसतेच. त्यामुळे कपाळावरच्या बटा मळकट पिवळ्या आणि मागचे केस मात्र रुपेरी, असा विजोड प्रकार झाला होता. पिवळेपणा येणारच असेल तर तो मी निवडलेला, सगळीकडे सारखा आणि मधाच्या रंगाचा असावा, एवढेच मला हवे होते.

ही इच्छा घेऊन मी आधी धरमपेठेतील एका मोठ्या सलोनमध्ये गेले. तेथे माझे केस हातात न घेताच मला सांगण्यात आले की, ब्लाँड रंग हवा असेल तर ब्लीच करावेच लागेल, दोनदा यावे लागेल आणि खर्च आठ हजारांच्या घरात जाईल. ज्या केसांत काढून टाकण्यासारखा रंगच उरलेला नाही, त्यांतून ब्लीच नेमके काय काढणार, असे मी विचारले. त्याचे उत्तर मला मिळाले नाही आणि मी तेथून परत आले.

हा प्रश्न मी का विचारला ते सांगायला हवे, कारण माझ्या वयाच्या अनेक जणी याच उत्तरावर माघारी फिरतात किंवा नाइलाजाने ब्लीच करून घेतात. केसाचा काळा-तपकिरी रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे असतो. ब्लीचच्या पुडीतील परसल्फेट क्षार आणि त्यात मिसळलेले हायड्रोजन पेरॉक्साइड मिळून हे रंगद्रव्य फोडतात. आपल्याकडच्या दाट काळ्या केसावर सोनेरी रंग दिसायचा असेल तर हे करण्यावाचून इलाज नसतो, कारण काळ्या पाटीवर पिवळ्या खडूने लिहिता येते तसे केसाचे होत नाही, रंग काळ्यात बुडून जातो. सलोनमधील मुलींचा हात रोज अशाच काळ्या केसांवर बसलेला असतो, म्हणून ब्लाँड म्हणताच त्यांच्या तोंडी ब्लीच येते. पिकलेल्या केसाच्या मुळाशी मात्र मेलॅनिन तयार होणेच थांबलेले असते. जी पाटी मुळातच पांढरी आहे, ती पुसण्याचे कारण नाही. तिच्यावर फक्त रंग चढवायचा असतो. आणि पांढरा केस अनेकदा कोरडा आणि राठ असतो, त्याला ब्लीचचा मारा देणे म्हणजे काही कमवायचे नसताना गमावणे आहे.

मला हवे ते लक्ष्मीनगरात, आठ रस्ता चौकाजवळच्या एका गल्लीतील पार्लरमध्ये मिळाले. घराच्या पुढच्या खोलीत चालणारे हे पार्लर आहे; खुर्च्या दोनच आणि काम करणाऱ्याही दोघीच. चालकताई दिवसाला मोजकीच कामे घेतात आणि गर्दी त्यांना नको आहे, म्हणून त्यांच्या विनंतीवरून नाव येथे देत नाही. त्यांनी पहिली दहा मिनिटे माझे केस उजेडात नेऊन पाहिले, भांग चार ठिकाणी पाडून पाहिला, आणि मग म्हणाल्या, “काकू, पांढऱ्या केसांना ब्लीच कशाला पाहिजे जी? रंग बसतेच त्याच्यावर. पण मागचे काळे आहेत न, ते काळेच राहतील. आत्ताच सांगून ठेवते.” माझ्या मते या चार वाक्यांतच त्यांचे सगळे कौशल्य दिसून आले. ब्लीच न करता लावलेला सोनेरी रंग केवळ पांढऱ्या केसावर उमटतो; काळ्याला तो सोनेरी करत नाही. ज्यांचे केस निम्मे काळे, निम्मे पांढरे आहेत त्यांच्या डोक्यावर सोनेरी रेघा ओढल्यासारखा परिणाम दिसेल, संपूर्ण डोके सोनेरी होणार नाही. आणि ज्यांच्या केसांवर अजून जुना काळा डाय आहे, त्यांना हा मार्ग सध्या खुला नाही, कारण वरून लावलेला रंग खालचा रंग उतरवत नाही. तो भाग कापला जाईपर्यंत थांबावे लागते. मी दोन वर्षे थांबले होते, त्याचा येथे उपयोग झाला.

त्यानंतर त्यांनी मी आजवर केसांना काय काय लावले, याची चौकशी केली. काळी मेंदी लावली होती का, हे दोनदा विचारले. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत पीपीडी हे काळ्या डायमधलेच, काहींना ॲलर्जी करणारे रसायन असते, आणि रोज थोडा थोडा रंग चढवणाऱ्या काही जुन्या प्रकारांत धातूंचे क्षार असतात. त्या क्षारांशी पेरॉक्साइडचा संबंध आला तर केस तापू शकतात आणि तुटू शकतात. याच कारणासाठी त्यांनी मानेवरची एक बारीक बट कापून ठेवली आणि तिच्यावर रंग आधी करून पाहिला. ॲलर्जी होते का ते पाहण्यासाठी माझ्या कानामागे रंगाचा ठिपका लावून ४८ तास थांबायला सांगितले; यालाच पॅच टेस्ट म्हणतात. ब्लीच नाही म्हणजे रसायनच नाही, असा समज मी सुद्धा करून घेतला होता. तो चुकीचा आहे. मला लावलेला रंग डेमी-परमनंट, म्हणजे धुण्यागणिक हळूहळू उतरत जाणाऱ्या प्रकारचा होता. त्यात अमोनिया नव्हता आणि डेव्हलपर, म्हणजे रंगात मिसळायचे पेरॉक्साइडचे द्रावण, सौम्य होता, तरी त्यातील रंगद्रव्ये काळ्या डायच्याच कुळातील असतात आणि ज्यांना त्या डायने खाज किंवा सूज आली असेल त्यांना याचाही त्रास होऊ शकतो. पॅच टेस्टशिवाय जे पार्लर त्याच दिवशी रंग लावायला तयार होते, तेथून उठून यावे, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

छटा ठरवणे हा या कामाचा सर्वांत अवघड भाग आहे आणि तेथे मी चुकणार होते. शेड कार्डावरील रंगाच्या आकड्यात पहिला अंक गडदपणा सांगतो: १ म्हणजे काळा आणि १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. त्यापुढचा अंक झाक सांगतो; बहुतेक कंपन्यांच्या कार्डावर ३ म्हणजे सोनेरी झाक आणि १ म्हणजे राखाडी झाक. मला ९.१ ही राखाडी झाकेची छटा आवडली होती, कारण कार्डावरचा कृत्रिम केसांचा झुपका फार शालीन दिसत होता. ताईंनी ती नको म्हटले. राखाडी झाकेत निळ्या-जांभळ्या रंगद्रव्याचा भाग असतो. माझ्या कपाळावर आधीच पिवळेपणा आहे, आणि पिवळ्यावर निळे पडले की हिरवट दिसण्याची भीती असते. दुसरीकडे, केवळ सोनेरी झाकेचा रंग पांढऱ्या केसावर हळदीसारखा भडक उठतो, कारण त्याला आवरणारे तपकिरी असे खाली काहीच नसते. म्हणून त्यांनी ९.३ मध्ये ९.० ही साधी, बिनझाकेची छटा निम्म्या प्रमाणात मिसळली. हेच मिश्रण त्यांनी कापलेल्या बटेवर लावून मला खिडकीपाशी दाखवले. कार्डावरचा रंग पाहून होकार देऊ नये. स्वतःच्या बटेवरचा रंग दिवसाच्या उजेडात पाहूनच द्यावा.

प्रत्यक्ष काम सव्वा तासात झाले. केसांवरचे तेल आणि क्षार निघावेत म्हणून आधी खोल स्वच्छता करणाऱ्या शाम्पूने केस धुतले, कंडिशनर लावले नाही. रंग लावण्याची सुरुवात कपाळ आणि कानशिलांपासून केली, कारण तेथले पांढरे केस चिवट असतात आणि रंग उशिरा धरतात; मागचा भाग शेवटी घेतला. ३० मिनिटांनी कोमट पाण्याने केस धुतले. डोळ्यांत पाणी आणणारा जो वास काळ्या डायच्या दिवसांत मला सवयीचा झाला होता, तो येथे नव्हता. टाळूला चुरचूरही झाली नाही.

रंग कसा आला, तर मागच्या आणि वरच्या केसांवर अगदी हवा तसा, पातळ मधासारखा. सूर्यप्रकाशात तो चमकतो, ट्यूबलाइटखाली किंचित फिका दिसतो. मानेवरचा काळा पट्टा तसाच आहे आणि अंबाडा घातला की तो सोनेरी केसांच्या मधून डोकावतो. मला ते आवडते, सर्वांनाच आवडेल असे नाही. डाव्या कानशिलाजवळ मात्र दोन बटांनी रंग पुरेसा धरला नाही. आठवड्याने मी ते दाखवले तेव्हा ताईंनी पैसे न घेता तेवढ्या भागावर पुन्हा रंग लावून दिला. एकूण खर्च १,९०० रुपये झाला, त्यात पॅच टेस्ट आणि बटेवरची चाचणी धरलेली होती.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ठरलेल्या वेळेनंतर मला पन्नास मिनिटे बसावे लागले आणि त्याबद्दल आधी फोन आला नाही. केस धुण्याची खुर्ची जुनी आहे; मानेचे दुखणे असणाऱ्यांनी टॉवेलची घडी मागून घ्यावी. वापरलेल्या रंगाचे नाव आणि मिश्रणाचे प्रमाण मला कागदावर लिहून हवे होते, ते मागितल्यावर मिळाले. ते प्रत्येकीला न मागता मिळायला हवे, कारण पुढे कधी त्रास झाला तर डॉक्टरांना हेच सांगावे लागते.

हा रंग कायमचा नाही. अशा प्रकारचा रंग साधारण २० ते २४ धुण्यांपर्यंत टिकतो असे म्हणतात. माझ्याकडे बोअरच्या पाण्यामुळे तो सोळाव्या-सतराव्या धुण्यापासूनच फिकट होऊ लागला. आता मी शेवटचे दोन तांबे नळाच्या पाण्याचे घेते आणि त्यामुळे फरक पडला आहे. दुचाकीवरून जाताना नागपुरात आपण सगळ्याजणी स्कार्फ गुंडाळतोच. पूर्वी तो चेहऱ्यासाठी होता, आता कपाळावरचे केस पूर्ण झाकले जातील असा बांधते. पिवळेपणा घालवणारा जांभळा शाम्पू माझ्याकडे होता, तो ताईंनी बंद करायला लावला, कारण तो मुद्दाम आणलेल्या सोनेरी छटेलाही मारतो. या रंगाचा मला जाणवलेला सर्वांत मोठा फायदा म्हणजे भांगात उगवणारी रेघ आता दिसत नाही. काळ्या डायच्या काळात पंधरा दिवसांत भांगात पांढरी रेघ दिसायची आणि मन त्यातच अडकायचे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. तेवढी पांढरी मुळे फिक्या सोनेरीत मिसळून जातात, कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

माझी थोरली बहीण नागपुरातल्याच महाल भागात राहते. तिलाही हा रंग हवा होता, परंतु काही वर्षांपूर्वी काळ्या डायने तिच्या पापण्या सुजल्या होत्या. हे ऐकताच ताईंनी तिला रंग लावायला नकार दिला, पॅच टेस्टही केली नाही, आणि आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगितले. हातचे काम असे सोडून देणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. डॉक्टरांशी बोलल्यानंतर बहिणीने कॅशिया ओबोव्हाटाच्या पानांची पूड आणली, तिला बिनरंगी मेंदीही म्हणतात. पोट साफ होण्यासाठी मिळणारी सोनामुखी ही तिची नातलग असली तरी ती वेगळी वनस्पती आहे, दुकानात नाव नीट वाचून घ्यावे. लिंबाच्या रसात रात्रभर भिजवलेली ही पूड पांढऱ्या केसावर तीन तास ठेवली की गव्हाच्या काडासारखा फिका सोनेरी रंग येतो आणि लावणे वाढत जाईल तसा तो गडद होतो. पुडीत साध्या मेंदीची भेसळ असेल तर मात्र केस केशरी होतात, म्हणून बहिणीनेही आधी एका बटेवर पाहिले. ओल्या चाऱ्यासारखा वास दोन दिवस राहतो, एवढे सोसावे लागते. तिने हळद, आणि वेगळा कॅमोमाइलच्या फुलांचा काढा, हेही करून पाहिले होते. काढ्याने काही दिसले नाही, आणि हळदीचा रंग उन्हात उडाला व उशीच्या अभ्र्यावर राहिला.

मी स्वतः पुढची वेळ मंगळवारी सकाळची घेतली आहे, पहिलीच, म्हणजे थांबावे लागणार नाही. या खेपेला मिश्रण तेच ठेवायचे आणि डाव्या कानशिलापासून सुरुवात करून तेथे रंग पाच मिनिटे अधिक राहू द्यायचा, असे आमचे ठरले आहे.