आर्मर्ड केबलचं रेझिन जॉइंट किट : एक पूर्ण पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

जमिनीत पुरायच्या आर्मर्ड (आत धातूच्या पट्ट्यांचं कवच असलेल्या) केबलचे तुकडे जोडून त्यावर साचा बसवायचा आणि त्यात रेझिन ओतायचं, त्याचं हे किट. आकड्यांत फार शिरत नाही. आमची केबल चार कोर, १० स्क्वेअर एमएम, अ‍ॅल्युमिनियम, आर्मर्ड. घरापासून कुळागरातल्या (माड-पोफळीच्या बागेतल्या) जुन्या विहिरीपर्यंत पुरलेली होती, ती पुढे चढावरच्या नव्या पंपापर्यंत वाढवली, आणि मधे एक जुना जॉइंट होता तोही कापून नवीन केला. म्हणजे रेझिनची दोन किट लागली. गेल्या नोव्हेंबरात पुरली, आता चवथ (गणेश चतुर्थी) होऊन गेली तरी पंपाने ट्रिप मारलेली नाही. गोव्यातल्या सावईवेऱ्याचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना याचा अर्थ कळेल, आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो.

जुना जॉइंट कुणा कंत्राटदाराने नुसती टेप गुंडाळून केलेला. मागच्या पावसात आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडायला लागला, मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावला तर फेज आणि आर्मरमधे एक मेगओहमसुद्धा येईना. उकरून उघडला तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी झालेली, आणि वाईट म्हणजे पाणी फक्त जॉइंटमधे नव्हतं, बाहेरच्या शीथखाली (प्लास्टिकच्या आवरणाखाली) आर्मरच्या पट्ट्यांच्या आधाराने दोन्ही बाजूंना आत शिरलेलं. त्यामुळे आतलं फिलर कोरडं लागेपर्यंत केबल कापत जावं लागलं. हे लक्षात ठेवा, जॉइंट बिघडला की नुसता जॉइंट बदलून भागत नाही, ओली केबल तशीच नव्या जॉइंटमधे घातली तर पैसे मातीत गेले.

वाढवलेल्या लांबीमुळे व्होल्टेज कमी पडेल ही काळजी बऱ्याच जणांना असते, ती इथे नव्हती. या साइजचा अ‍ॅल्युमिनियम कंडक्टर किलोमीटरला साधारण तीन ओहम, तीन एचपीची थ्री फेज मोटर पाच अँपिअरच्या आसपास घेते, सगळी मिळून दीडशे मीटर धरली तरी ४१५ मधले चार-पाच व्होल्ट जातात.

खरं सांगायचं तर नोव्हेंबरात मी हीट श्रिंकच्या (तापवून आक्रसणाऱ्या नळीच्या) बाजूची होते. मला रेझिनचं किट जवळपास दुप्पट किमतीला पडत होतं आणि एवढे पैसे खड्ड्यात ओतायचे हे काही पटत नव्हतं, वायरमनच्या आग्रहाने घेतलं. आता मत बदललंय. कुळागरात माडा-पोफळीला पाणी सोडतो त्यामुळे जमीन मे महिन्यातसुद्धा ओली, जॉइंट कधी सुकतच नाही. त्यात खड्ड्यात वाकून ब्लो लॅम्प फिरवायचा म्हणजे वरची बाजू करपते आणि खालची नीट आक्रसत नाही, हे दुसऱ्यांकडे बघितलंय. कोरड्या जागेत, हात बसलेला माणूस असेल तर हीट श्रिंक चालेल, पण बागायतीत पुरायचं असेल तर मी रेझिनच घेईन.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला घेतलं. सगळे रेझिन किती घट्ट, साचा पारदर्शक आहे का, यावर बोलतात, आर्मरच्या जोडणीवर कुणी बोलत नाही. किटमधे दोन्हीकडचं आर्मर जोडायला तांब्याची विणलेली पट्टी आणि दोन होज क्लिप येतात. पट्टी ठीक आहे. पण क्लिप आर्मरवर आवळायची तर आर्मरच्या खाली धातूची आधाराची रिंग हवी, म्हणजे पट्टी रिंग आणि क्लिपमधे घट्ट दाबली जाते. रिंग नसेल तर क्लिप आवळताना आतली शीथ दबत जाते, आज घट्ट वाटतं आणि काही महिन्यांत प्लास्टिक बसलं की ढिलं. माहितीपत्रकातल्या चित्रात रिंग स्पष्ट दाखवलीय, डब्यात नाही! दोन्ही डब्यांत नाही. क्लिप पण इतक्या पातळ की एकीचा स्क्रू आवळतानाच घसरला.

वायरमन म्हणाला, "वहिनी, आर्मरला एवढं काय, पंपाजवळ अर्थिंग केलंय ना आपण."

केलंय, पण पंप चढावर कोरड्या जांभ्यात आहे आणि उन्हाळ्यात तिथल्या अर्थिंगच्या रॉडचा रेझिस्टन्स वाढतो. समजा २० ओहम झाला आणि एक फेज मोटरच्या बॉडीला लागली तर २४० व्होल्टला १२ अँपिअर जातात, १६ अँपिअरचा एमसीबी (करंट फार वाढला की वीज तोडणारा स्विच) त्यावर पडत नाही, आणि आरसीसीबी त्यावेळी अडकलेला असला तर बॉडी तशीच जिवंत राहते. पंपाला हात लावणारी माणसं आमच्या घरातली आहेत. वीज सुरक्षेच्या नियमांतही २५० व्होल्टच्या वरच्या मोटरच्या बॉडीला दोन वेगवेगळी अर्थिंग सांगितलीत. आमचं दुसरं अर्थिंग म्हणजे हे आर्मर, आणि ते जमिनीखाली जॉइंटमधेच तुटलं तर वरून कुणाला कळणार सुद्धा नाही, पंप मजेत चालत राहील. म्हणून त्या दिवशी काम थांबवलं, फोंड्याहून स्टेनलेसच्या जाड क्लिप आणि रिंगा आणल्या, मगच साचा बंद करू दिला. ओतायच्या आधी मीटर लावून आर्मर सलग आहे हे तपासलं, आता पाऊस ओसरल्यावर परत तपासलं, आकडा हललेला नाही.

बाकी काम किटमधे चांगलं सांगितलंय. फेरूल (कोरची टोकं जोडणारी धातूची नळी) पकडीने किंवा हातोडीने चेपू देऊ नका, हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूल भाड्याने मिळतं. बाहेरची शीथ पॉलिश पेपरने खरवडून घ्यायची, गुळगुळीत प्लास्टिकला रेझिन धरत नाही आणि पाणी तिथूनच वाट काढतं. रेझिनच्या पाकिटातले दोन भाग वेगळे ठेवणारा मधला पडदा काढून रंग एकसारखा होईपर्यंत मळायचं, आमच्याकडच्या गरमीत ते लवकर घट्ट होतं त्यामुळे साचा तयार असल्याशिवाय मळायला घेऊ नका, हातमोजे घालूनच. एका तोंडातून सावकाश ओतायचं, दुसऱ्यातून वर येईपर्यंत, म्हणजे हवा निघून जाते. पावसाची सर आली तर थांबा, पॉलियुरेथेन रेझिनमधे पाणी गेलं की फेस होतो. आणि विकत घेतानाच पाकिटावरची मुदत बघा, दुकानदार पुढे करत होता त्यातलं एक संपत आलेलं होतं.

खाली-वर चाळलेली माती घातली, जांभ्याचे धारदार खडे शीथ कापतात. खोली पाऊण मीटर, वर विटा, आणि दोन्ही जॉइंटच्या जागी चिरा उभा केलाय म्हणजे माडाला आळं करताना कुणी पिकास मारणार नाही.

रिंगांबद्दल दुकानात पावती घेऊन गेले तर म्हणे कंपनीला विचारा, कंपनीला फोन केला तर म्हणे हा माल विक्रेत्याचा प्रश्न. चित्रात दाखवायची आणि डब्यात घालायची नाही हे चालणार नाही, फोटो काढून लेखी तक्रार पाठवलीय. उत्तर अजून नाही, पावती आणि रिकामे डबे दोन्ही जपून ठेवलेत.