फ्रीझ फ्रेमचा फोटो इफेक्ट: लग्नाचा एक अख्खा सीझन वापरल्यावर

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले तेव्हापासून ते आता जूनपर्यंत, म्हणजे साधारण ८ महिने, मी लग्नाच्या सगळ्या हायलाइट्स दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या फ्री व्हर्जनवर एडिट केल्यात. शूटिंग दादा करतो, एडिटिंग माझ्याकडे, मिरजेत घरीच बसून. या सीझनला जवळजवळ प्रत्येक पार्टीने एक गोष्ट मागितली, "ताई ते व्हिडिओ चालू असताना एकदम क्लिक होऊन फोटो बनतो ना, ते टाका". तर त्याच इफेक्टबद्दल सविस्तर लिहितेय, कारण मी सुरू केलं तेव्हा बटणं कुठली दाबायची हे सगळीकडे मिळालं पण नंतर जे नडतं ते कुणी सांगितलं नव्हतं.

आधी पद्धत. रिझॉल्व्हमध्ये कंट्रोल आर दाबून रिटाइम कंट्रोल (क्लिपचा वेग बदलायची सोय) उघडले की खालच्या बाणात फ्रीझ फ्रेम मिळतं, क्लिप तिथे थांबते आणि मग पुढे चालू होते. पहिले दोन महिने मी हेच केलं. अडचण अशी की चित्र २ सेकंद थांबून पुढे निघालं की खाली चालू असलेला आवाज २ सेकंद पुढे गेलेला असतो. वाजंत्री असेल तर चालून जातं, पण उखाणा घेताना नवरीचे ओठ आणि आवाज जुळेनात, आणि उखाण्यात तर सगळं लक्ष तोंडाकडेच असतं. म्हणून आता मी मूळ क्लिपला हातच लावत नाही. हव्या त्या फ्रेमवर कंट्रोल बी ने कट करायचं, उजवीकडचा तुकडा ऑल्ट दाबून वरच्या ट्रॅकवर ओढला की कॉपी होते, त्या कॉपीवर शिफ्ट आर, झाली फ्रीझ. मग ती ५० फ्रेमवर, म्हणजे २५ एफपीएसला (सेकंदाला २५ फ्रेम) बरोबर २ सेकंदांवर ट्रिम करायची. खाली व्हिडिओ चालूच राहतो, आवाज जागच्या जागी, आणि झाकले गेलेले २ सेकंद आजवर कुणालाही आठवले नाहीत.

त्याच्यावर अजून एक कॉपी घ्यायची. खालच्या फ्रीझला गॉशियन ब्लर (चित्र धूसर करणारा इफेक्ट), वरचीचा फोटो. पांढऱ्या चौकटीसाठी मी फोटोच्या मागे पांढरा सॉलिड कलर ठेवते आणि फोटो ०.९६ ला स्केल करते, पण तेवढंच केलं तर डावी-उजवी पट्टी ३८ पिक्सेल आणि वरची-खालची जेमतेम २२ अशी बेढब दिसते, त्यामुळे सॉलिड डावी-उजवीकडून १७-१७ पिक्सेल क्रॉप करायचा. (हे आकडे १०८०, म्हणजे १९२० बाय १०८० टाइमलाइनचे.) मग दोन्ही मिळून कंपाउंड क्लिप, तिला स्केल ०.७ आणि ४ डिग्री तिरकं. त्या २ सेकंदांत फोटो ०.७० वरून ०.७३ पर्यंत हळूच वाढत गेला की मेल्यासारखा दिसत नाही. क्लिकच्या क्षणी पांढरा फ्लॅश ४ फ्रेमचा, शंभरवरून शून्यावर. क्लिकचा आवाज दादाच्याच कॅमेऱ्याचा रेकॉर्ड करून घेतलाय, डाउनलोड केलेल्या आवाजांपेक्षा तो खूप खरा वाटतो. एका पार्टीला फटाफट आठ-दहा फ्लॅश एकामागोमाग हवे होते, मी स्पष्ट नकार दिला, सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगझग झाली तर फिट्सचा त्रास असणाऱ्यांना धोका असतो आणि हे व्हिडिओ घरातले म्हातारे, लहान पोरं सगळे मिळून बघतात.

आता खरं दुखणं. सॉफ्टवेअरचं काम ५ मिनिटांचं, फ्रेम शोधायला मात्र कधीकधी अर्धा तास जातो. अंतरपाट बाजूला होतो, अक्षता हवेत आहेत, दोघं एकमेकांकडे बघतायत, सगळ्यांना हाच क्षण हवा असतो. त्या एका सेकंदात २५ फ्रेम, त्यातल्या पाच-सहांत तिचे डोळे अर्धे मिटलेले, चारांत त्याच्या तोंडावर हार, आणि चालू व्हिडिओत एकदम सुंदर दिसणाऱ्या अक्षता थांबवल्या की नुसत्या पांढऱ्या रेघा. १/५० शटरला, म्हणजे एक फ्रेम सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली की, हलणारी गोष्ट पुसटच येणार, व्हिडिओ चालू असताना तोच पुसटपणा डोळ्याला बरा वाटतो आणि फोटो झाला की तोच खुपतो. एडिटमध्ये यावर काहीही उपाय नाही, हे मला डिसेंबर उजाडेपर्यंत मान्यच होत नव्हतं, शार्पन करून करून चेहऱ्यांची वाट लावली मी.

मग दादाला म्हटलं शटर वाढव. त्याने एका लग्नात १/२०० ठेवलं आणि स्टेजच्या एलईडीमुळे अख्ख्या फुटेजवर आडवे काळे पट्टे आले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिव्याचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, १/५० आणि १/१०० शटर त्याच्याशी बरोबर बसतात, त्याहून जलद गेलं की दिव्याचा अर्धवट उजेड पकडला जातो. तेव्हापासून अंतरपाट, हळद आणि वरातीतला नाच हे तिन्ही तो ५० एफपीएस आणि १/१०० वर घेतो. अक्षतांच्या रेघा निम्म्या झाल्या. डिमरवर लावलेले काही स्वस्त दिवे तरीही लुकलुकतात, त्यामुळे हॉलमध्ये गेल्यागेल्या १० सेकंद शूट करून स्क्रीनवर बघायचंच.

५० एफपीएसचं एक लक्षात ठेवा, टाइमलाइन २५ ची असेल तर नॉर्मल स्पीडला तिथे एकाआड एकच फ्रेम दिसते. निम्म्या फ्रेम तुमच्या नजरेस पडतच नाहीत आणि नेमकी डोळे उघडे असलेली तिकडे असते. एफ दाबून तीच क्लिप सोर्स व्ह्यूअरमध्ये (मूळ फुटेज दाखवणाऱ्या खिडकीत) उघडायची आणि बाणाच्या कीने तिथे एकेक फ्रेम बघायची.

मला सगळ्यात जास्त आवडलेला प्रकार म्हणजे माणूस मागच्या दृश्यातून कापून वेगळा काढायचा, भोवती पांढरी कड आणि बाजूला नाव, करवली, मामा, आत्या अशी ओळख. माणूस आपोआप कापून देणारं रिझॉल्व्हचं मॅजिक मास्क स्टुडिओ या विकतच्या व्हर्जनमध्येच येतं, त्याची किंमत २९५ डॉलर एकदाच. मी अजून घेतलेलं नाही, कारण फ्रीझमध्ये काही हलतच नाही ना, रिझॉल्व्हच्याच फ्युजन पेजवर पॉलिगॉन मास्क (बिंदू जोडून काढलेली कड) एकदाच काढायचा. केस मोकळे असतील तर २० मिनिटं, अंबाडा-गजरा असेल तर १०. फेटेवाल्या मामांचं काम सगळ्यात सोपं, फक्त तुरा नीट सांभाळायचा. नॉइज रिडक्शन (दाणा कमी करणं) पण स्टुडिओमध्येच आहे आणि ते मात्र मला घ्यावंसं वाटतं, कारण रात्रीच्या वरातीतला दाणा चालू व्हिडिओत जाणवत नाही, पण फ्रीझ केला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखा तिथेच बसून राहतो.

मशीन म्हणाल तर ८ जीबी रॅमवर फोर के अडखळत होतं, १६ जीबी आणि प्रॉक्सी (फुटेजच्या हलक्या कॉपी) करून चाललंय. एका जोडप्याच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला त्यांच्या लग्नाची जुनी कॅसेट आली होती, ती फ्रीझ केली की हातांवर कंगव्यासारख्या रेघा, ते इंटरलेस फुटेज असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन अर्धी चित्रं एकाआड एक ओळींत, ते डीइंटरलेस केल्यावर रेघा गेल्या.

एक प्रसंग सांगते. फेब्रुवारीतल्या एका लग्नात नवरीचे आजोबा, हळदीच्या वेळी लांब खुर्चीवर बसून तिच्याकडे बघत हसत होते, तो क्षण मी फ्रीझ केला होता. एप्रिलमध्ये ते गेले. घरच्यांचा फोन आला की व्हिडिओतला तो फोटो द्या, फोटोग्राफरकडे त्यांचा एकट्याचा एकही नाही. मी रिझॉल्व्हच्या कलर पेजवरून स्टिल (एका फ्रेमचा फोटो) काढून पाठवला आणि फोटो स्टुडिओवाल्याने सांगितलं की मोठा प्रिंट फुटतोय. तेव्हा कळलं, स्टिल टाइमलाइनच्या साइझमध्ये निघतो, माझी टाइमलाइन १०८० ची, म्हणजे जेमतेम २ मेगापिक्सेल, फुटेज मात्र फोर के चं होतं. टाइमलाइन ३८४० बाय २१६० करून परत काढला, ८ मेगापिक्सेलच्या वर. १२ बाय ८ इंचाला साधारण २७० डीपीआय (इंचाला २७० ठिपके) बसला आणि प्रिंट छान आला. त्यांच्या बैठकीत लावलाय तो, हार घालून.

तेव्हापासून दर लग्नाचं एडिट संपलं की घरातल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाची एक चांगली फ्रेम शोधून, पूर्ण साइझमध्ये पीएनजी करून वेगळ्या फोल्डरला ठेवते. पैसे घेत नाही त्याचे. दादाही आता हळदीत मिनिटभर तरी खुर्च्यांच्या रांगेकडे कॅमेरा वळवतो, १/१०० वर.